चेहरे कुणाच्याही नावावर करत नाही

मी, कॉलेजच्या फाटकासमोरच्या फोटो स्टुडिओची मालकीण, वय वर्षे एकाहत्तर, धंदा फोटो काढणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डाव्या डोळ्याने थोडे कमी दिसते, पण कॅमेऱ्याला मी आयुष्यभर उजवाच लावला, त्यामुळे धंद्याला खोट आली नाही. "कोणाच्याही धाकाखाली न येता" हे शब्द इथे घालावे लागतात, असे वकीलबाई म्हणाल्या. मी म्हटले, "धाक तर आहे." त्या म्हणाल्या, "असला तरी लिहायचा नसतो." तेव्हा असे लिहिते: धाक आहे, पण हा कागद त्या धाकाने लिहवून घेतलेला नाही.

पासबुकातले माझे नाव बँकेलाच ठाऊक. गल्लीत मला सगळे फोटोवाली म्हणतात आणि कॉलेजची मुले आजी म्हणतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायची घाई का झाली, ते पुढे येईल.

कलम १. घर आणि दुकान

पुढे स्टुडिओ, मागे राहायची खोली आणि ओटा, आणि दोन्हींच्या मध्ये खिडकी नसलेली अंधारी खोली, जिथे पूर्वी फिल्म धुतली जायची. ही जागा मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून घेतली. ते गेले त्याला बराच काळ झाला. जागा माझ्या एकटीच्या नावावर आहे आणि तिच्यावर कुणाचा बोजा नाही.

ही सगळी जागा मी माझ्या नातीला देते. ती माझ्या मुलाची मुलगी, माझी भिंगरी. लहानपणी एका जागी उभी राहील तर शपथ. तिचा एकही फोटो न हललेला आला नाही. आता ती कॉलेजात दातांची डॉक्टर व्हायला शिकते. शिकत होती, असे लिहायला हवे का, ते मला कळत नाही, म्हणून शिकते असेच ठेवते.

माझ्या मुलाला या जागेतली एक वीटही देत नाही. रागाच्या भरात लिहिलेले नाही. राग येऊन गेला, नंतर लिहायला बसले.

कलम २. किरकोळ वस्तू आणि जुनी देणीघेणी

शिवणयंत्र शेजारच्या शिंप्याला द्यावे. तो नको म्हणेल, तरी द्यावे. मोठा आरसा, ज्यात हजारो पोरापोरींनी फोटोआधी केस नीट केले, तो कॉलेजच्या मुलींच्या खोलीत लावावा. तोवर ती खोली उघडी असली तर.

माझ्या नणंदेला काहीही देत नाही. "बाई माणसाच्या हातात कॅमेरा म्हणजे माकडाच्या हातात कोलीत," असे ती माझ्या लग्नाच्या पहिल्याच वर्षी चार माणसांत म्हणाली. नंतर तिच्या घरातल्या प्रत्येक मुलाचा फोटो याच माकडाने काढला, तोही फुकट. हिशेब तिच्याकडे निघतो. मी सोडून देते.

समोरच्या छापखानेवाल्याने माझ्या पाटीवर त्याची पाटी टांगली ती अजून काढलेली नाही. ती काढावी, एवढेच.

कलम ३. कॅमेरे, दिवे आणि या धंद्यात मी काय पाहिले

जुना फिल्मचा कॅमेरा, नवा डिजिटल कॅमेरा, दोन्ही दिवे आणि तिपाई भिंगरीला. तिला फोटो काढता येत नाहीत, पण विकू नये.

पूर्वी माझ्याकडे फोटो कशाकशाचे यायचे! प्रवेशाचे, वसतिगृहाच्या कार्डाचे, हॉलतिकिटाचे, स्नेहसंमेलनाचे, लग्न जमवायला पाठवायचे. निकाल लागला की नोकरीच्या अर्जांचे. फोटोच्या मापावरून मला महिना कळायचा.

मग सरकारने बंदर बांधायला परदेशातून कर्ज काढले. आम्हाला काय, सरकार कर्ज काढत होते, मी फोटो काढत होते. बंदर झाले. जहाजे यायची राहिली. त्या कर्जाचे व्याज भरायला दुसरे काढले, आणि दुसऱ्याचे भरायला तिसरे. वर्तमानपत्रात आकडे यायचे, त्यातली शून्ये मोजताना माझा चष्मा घसरायचा. मला वाटायचे, हे मोठ्या लोकांचे दुखणे, मोठ्या लोकांच्या घरी राहील.

आमच्या गल्लीत ते आले ते कॉलेजच्या ग्रंथालयातून. ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद व्हायला लागले, दिव्यांचा खर्च नको म्हणून. मग वसतिगृहातले रात्रीचे जेवण बंद झाले. मग शिष्यवृत्त्या थांबल्या. रद्द झाल्या असे कोणी म्हणाले नाही, नुसत्या आल्या नाहीत. प्राध्यापकांचे पगार लांबले आणि त्यांतले निम्मे दुसऱ्या देशात गेले. दातांच्या विभागात पाटी लागली की रुग्णांनी हातमोजे स्वतः आणावेत. रुग्ण येईनासे झाले. भिंगरीला परीक्षेसाठी कुणाची तरी दाढ भरून दाखवायची होती, तिने माझी भरली. खुर्चीत मी, डोक्यावर मोबाईलची बॅटरी धरून तिची मैत्रीण. मी ओरडले तेव्हा भिंगरी म्हणाली, "आजी, ओरडू नकोस, सर बघतायत. गुण जातील." ती दाढ आजही शाबूत आहे.

सरकारी भरती बंद झाली, तेव्हा नोकरीच्या अर्जाच्या मापाचे फोटो माझ्याकडे यायचे बंद झाले. त्यांच्या जागी एकच माप उरले, व्हिसाचे. रांग फाटकापर्यंत जायची. धंदा जोरात होता. शिंपी म्हणाला, "फोटोवाली, तुझी तर चांदी आहे." मला त्याच्या तोंडाकडे बघवले नाही, कारण त्या रांगेत त्याचाही मुलगा उभा होता.

व्हिसाच्या फोटोचे नियम कडक. मागे पांढरा पडदा, चेहरा सरळ, दोन्ही कान दिसायला हवेत, तोंड मिटलेले. दात दिसले की फोटो परत येतो. मी प्रत्येकाला सांगायची, "हसू नकोस रे बाळा, इकडे बघ." एक दिवस लक्षात आले की हे वाक्य मी कित्येक महिन्यांत उच्चारलेच नाही. उच्चारायची वेळच आली नव्हती.

कलम ४. माझ्या मुलाविषयी

माझा मुलगा अर्थखात्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. बुद्धीने तल्लख. याच दुकानाच्या काउंटरवर बसून तो गणिते सोडवायचा. कर्ज देणाऱ्यांचे लोक येतात तेव्हा टेबलाच्या आपल्या बाजूला बसणाऱ्यांत तो असतो.

एकदा तो जेवायला आला होता. म्हणाला, "आई, देश घरासारखाच असतो. मिळकतीपेक्षा खर्च जास्त झाला की पोटाला चिमटा काढावा लागतो."

"कुणाच्या पोटाला?" मी विचारले.

"सगळ्यांच्याच."

"तुझ्या पानात तर वाढलंय की भरपूर."

तो हसला, पाणी प्याला आणि दुसरे काहीतरी बोलू लागला. तो तेव्हा चुकीचा वाटला नाही मला, हे खरे सांगते. तो थकलेला वाटला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शिक्षण परताव्याचा हुकूम निघाला. ज्यांना देशाने शिकवले त्यांनी देशाचे देणे फेडायला हातभार लावावा. प्रत्येकाच्या नावावर रक्कम लावलेली. ती भरेपर्यंत पदवीचे प्रमाणपत्र मिळणार नाही. प्रमाणपत्र नाही तर इथे नोकरी नाही, बाहेर व्हिसा नाही. ज्यांनी बंदर पाहिलेही नव्हते त्यांच्या गळ्यात ते बांधले.

त्या संध्याकाळी भिंगरी एक पिशवी घेऊन माझ्या दारात आली.

"आजी, त्या हुकमाखाली बाबांची सही आहे," ती म्हणाली. "मी इथेच राहते."

मी विचारले नाही किती दिवस. गादी घातली.

कलम ५. अंधाऱ्या खोलीत जे घडले ते

हे कलम वाटणीचे नाही. पण कुठेतरी लिहिलेले असावे.

मुले प्रमाणपत्रे मागायला कॉलेजच्या आवारात बसली. घोषणा कमी, बसणे जास्त. कुणी पुस्तके वाचत होते. दातांच्या विभागातली मुले येणाऱ्याजाणाऱ्यांचे दात तपासत होती, कारण तेवढेच त्यांना येत होते. तिसऱ्या प्रहरी पोलिसांच्या गाड्या फाटकातून आत शिरल्या आणि मुले माझ्या दुकानाच्या दिशेने धावत सुटली.

माझे शटर अर्ध्यावर अडकते, ते गल्लीला माहीत आहे. त्या दिवशीही अडकले आणि खाली यायला लागले. एका मुलाने ते वर हाताने तोलून धरले. त्याला आम्ही उंच्या म्हणायचो, माझ्या दारातून वाकूनच यावे लागायचे त्याला. त्याच्या हाताखालून बाकीची पोरे आत आली, भिंगरी शेवटून दुसरी. मी सगळ्यांना अंधाऱ्या खोलीत ढकलत होते. "चल रे आत!" मी ओरडले. त्याची पाठ रस्त्याकडे होती. पोलिसांनी त्याला मागून ओढले. शटर धाडकन खाली आले.

अंधाऱ्या खोलीत अजून एक माणूस मावला असता.

मागच्या दाराने एक हवालदार आत आला. पन्नाशीचा, धापा टाकत.

"ते दार उघडा."

"उघडते, पण आत फिल्म धुतेय. उजेड शिरला की सगळी काळी होईल."

त्याने काउंटरवरच्या डिजिटल कॅमेऱ्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. तेवढ्यात आत कोणीतरी शिंकले.

"फिल्म शिंकते वाटतं?"

"औषधं उग्र असतात," मी म्हटले.

तो दारापर्यंत गेला आणि परत काउंटरपाशी आला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या मुलीचा हॉलतिकिटाचा फोटो तुम्हीच काढला होता. किती वेळ लागेल धुवायला?"

"तुम्ही किती वेळ इथे आहात त्यावर आहे."

"सावकाश धुवा," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन मोठ्याने ओरडला, "इथे एक म्हातारी आहे, बाकी कोणी नाही!"

त्याला काय द्यावे ते मला सुचत नाही. त्याचे वर्णन याहून जास्त लिहीत नाही. त्याला नोकरी आहे, आणि नोकरी राहावी.

कलम ६. उंच्याचे पाकीट

उंच्याने त्याआधीच्या आठवड्यात व्हिसाचे फोटो काढून घेतले होते आणि पैसेही चुकते केले होते. पाकीट न्यायचे राहिले. तो परत आला नाही. कोठडीत नाही म्हणतात, इस्पितळात नाही म्हणतात. असा कोणी मुलगा आणलाच नव्हता, असेही एका ठाण्यात म्हणाले.

त्याची आई बस डेपोत तिकिटे देते. ती माझ्याकडे आली तेव्हा अंगावर डेपोचा गणवेश होता. म्हणाली, "त्याचा फोटो मोठा करून द्या. दाखवत फिरायला हवा."

मी संगणकावर फोटो उघडून दाखवला. 

"हसरा नाही का एखादा?" तिने विचारले. "असा तो दिसत नाही हो. लोक कसे ओळखतील?"

"व्हिसाला हसरा चालत नाही," मी म्हटले.

 मी मोठा छापून दिला. पैसे घेतले नाहीत म्हणून ती दुसऱ्या दिवशी काउंटरवर ठेवून गेली. ते पैसे पाकिटाबरोबर डब्यात आहेत. दोन्ही तिला द्यावे.

आणि असेही लिहून ठेवते की भिंगरी परत येईपर्यंत (ती का गेली ते पुढच्या कलमात येईल) मागची खोली उंच्याच्या आईला वापरायला द्यावी. तिची भाड्याची खोली सुटेल असे दिसते, कारण डेपोतही माणसे कमी करणार आहेत. भिंगरी परत आलीच नाही, तर जागा उंच्याच्या नावे व्हावी. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याचा पत्ता नाही त्याच्या नावे करता?" मी म्हटले, "भिंगरीचा तरी कुठे आहे?"

कलम ७. संगणक

संगणक कुणालाही देत नाही. तो उरलेला नाही. कसा, ते सांगते.

उंच्याचा फोटो मोठा होऊन भिंतीभिंतींवर लागला, त्यानंतर एक अधिकारी माझ्याकडे आला. साध्या कपड्यांत, अतिशय नम्र. खुर्ची देईपर्यंत उभा राहिला.

"आजी, फोटो फार सुरेख काढता तुम्ही," तो म्हणाला. "चेहरा अगदी सरळ. सावली नाही. मागे पांढरं."

"व्हिसाला तसेच लागतात."

"आम्हालाही तसेच लागतात. आमच्या फाटकावरच्या कॅमेऱ्यात नुसती डोकी दिसतात. तुमच्याकडे नावासकट आहेत. दोन्ही यंत्रात घातले की यंत्र जुळवून देतं."

तेव्हा मला कळले, इतकी वर्षे मी काय बनवत होते. मुलांना बाहेर जायला दार करून देते आहे, असे वाटत होते मला.

"सोमवारी माणसं येतील," तो उठताना म्हणाला. "रीतसर कागद घेऊन. तोवर काही हलवू नका. तुमच्या चिरंजीवांशी बोलणं झालंय."

चिरंजीव गुरुवारी आले. तो काउंटरच्या पलीकडे उभा राहिला, गिऱ्हाइकासारखा.

"देऊन टाक आई," तो म्हणाला. "नाहीतरी ते नेणारच. तू दिलंस तर निदान तुला त्रास नाही."

"काय करणार आहेत पोरांचं?"

"चौकशी. पुढच्या महिन्यात कर्जाचा नवा हप्ता मिळायचाय. देणारे बघतायत, देश शांत आहे की नाही. तो हप्ता आला नाही तर पगार नाहीत, औषधं नाहीत, काही नाही. तुला कळत नाही किती कड्यावर उभे आहोत आपण."

"अरे, तुझी मुलगी आहे त्या फोटोंत."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तिचं नाव सांगून ठेवलंय मी. तिला कोणी हात लावणार नाही."

"आणि बाकीच्यांना?"

तो पांढऱ्या पडद्याकडे बघत होता. "बाकीच्यांचा बाप मी नाही, आई."

भिंगरी मागच्या खोलीच्या दारात येऊन उभी होती, ते आम्हा दोघांनाही दिसले नव्हते.

"बाबा, माझं नाव परत घाला यादीत," ती म्हणाली.

"वेडेपणा करू नकोस."

"वेडेपणा नाही. मी त्यांच्याबरोबर बसले होते. त्यांच्याबरोबरच राहू दे."

तो तिला काहीतरी सांगायला गेला, पण त्याच्या तोंडून फक्त तिचे लहानपणचे लाडाचे नाव निघाले, जे तो कित्येक वर्षे वापरत नव्हता. ती आत निघून गेली. तो मग गेला. शुक्रवारी सकाळी मी उठले तर गादी घडी करून ठेवलेली. ती कुठे गेली ते मला माहीत नाही, आणि मी जाणूनबुजून माहीत करून घेतलेले नाही. कोणी विचारले तर मला खोटे बोलावे लागणार नाही. पोलिसाशी एकदा खोटे बोलले, तेवढे पुरे.

शनिवारी दुपारी रोजच्यासारखी वीज गेली. सरकारकडे इंधन घ्यायला पैसे नाहीत, त्यामुळे ती येते कमी आणि जाते जास्त. शिंपी मागच्या दाराने येऊन सांगून गेला की पोलिसांची जीप आत्तापासूनच कोपऱ्यावर उभी आहे. सोमवारपर्यंत थांबतील असा भरवसा मला राहिला नाही. संगणकातले सगळे फोटो कोणत्या डबीत साठतात, ते भिंगरीने मला एकदा दाखवले होते. मी पेचकसाने पेटी उघडली, ती डबी बाहेर काढली, आणि पडद्याचे खिळे ठोकायच्या हातोडीने दगडावर ठेवून फोडली. वाटले होते त्याहून टणक निघाली. खांदा अजून दुखतो.

त्या डबीत मुलांच्या चेहऱ्यांबरोबर माझेही बरेच काही होते. माझ्या नवऱ्याचा शेवटचा फोटो त्यातच होता. मूळ फिल्म कधीच खराब झाली. माझ्या मुलाचा एक होता, पुढचे दोन दात पडलेले, खो खो हसतानाचा. वीज असती तर तेवढे दोन छापून घेतले असते. वीज येईपर्यंत थांबण्यासारखे नव्हते.

सोमवारी ते येतील तेव्हा मी सांगेन, मीच फोडली. मग ते मला नेतील किंवा नेणार नाहीत. या वयात नेलेले माणूस परत येईलच असे नाही, म्हणून हा कागद आज.

कलम ८. देणी

माझ्यावर विजेचे बिल सोडून काही देणे नाही. ते बँकेतल्या पैशांतून भरावे. उरेल ते भिंगरीचे.

या कलमावर वकीलबाईंशी माझे बोलणे झाले, ते लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, "आधी मेलेल्याची देणी फिटतात, मग उरलेलं वारसांना. आणि देणी मालमत्तेपेक्षा जास्त निघाली, तर वारसाच्या खिशातून घेता येत नाहीत. वारसाला वारसा नाकारताही येतो."

"म्हणजे मी बुडवून ठेवलं तर भिंगरीला भरावं लागणार नाही?"

"अजिबात नाही. कायदा स्पष्ट आहे."

"आणि देशानं जे तिच्यासाठी मागे ठेवलंय, ते नाकारायचं झालं तर कुठे अर्ज करायचा?"

वकीलबाई उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. परत बसल्यावर म्हणाल्या, "पुढचं कलम सांगा."

कलम ९. माझ्यामागे

माझ्या मुलाला कळवावे. त्याला यायचे असेल तर येऊ द्यावे, कुणी अडवू नये, टोमणा मारू नये. शिंप्याला हे विशेषकरून सांगते. मी त्याला जागा दिली नाही, पण तो माझा मुलगा आहे, हे काढून घेतलेले नाही. सगळ्यांच्या पुढे उभे राहायचे धैर्य त्याला झाले नाही, तर मागच्या दाराने यावे. ते दार त्याच्या उंचीला पुरते.

माझा फोटो लावू नये. फोटो काढणारीचा फोटो कुणी काढलेला नाही, एक पासबुकावरचा सोडला तर, आणि त्यात मी चोरासारखी दिसते.

कलम १०. साक्षीदार

वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदार दोन हवेत, आणि तुमच्यापेक्षा बरेच लहान हवेत. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर ते हयात पाहिजेत."

म्हणून आज सकाळी मी गल्लीत तरुण माणसे शोधायला निघाले. हे काम एवढे अवघड असेल, असे वाटले नव्हते.

बेकरीवाल्याच्या दोन्ही मुली परदेशी गेल्या. तो स्वतःच पाव भाजतो, स्वतःच विकतो. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाला कुलूप होते, कुलपावर धूळ होती. शिंप्याच्या मुलाचा परवा फोन आला म्हणे, तिकडे तो गोदामात खोकी उचलतो. इथे तो भौतिकशास्त्रात पहिला आला होता. इस्पितळातली नर्स दारातच भेटली, बॅग भरत होती. "आजी, सही करते, पण मी गुरुवारी चालले," ती म्हणाली. "मला कोर्टात कोण शोधणार?" वसतिगृहाच्या पायरीवर एक मुलगा बसला होता, ओळखीचा, त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत होता तो. मी कागद पुढे केला तसा तो उठून उभा राहिला.

"नको आजी. माझी सही कुठेच नको. राग मानू नका."

"राग कसला," मी म्हटले. "काही खाल्लंस का?"

तो मागे न बघता निघून गेला. कॉलेजच्या फाटकाला आतून साखळी आहे. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले, आणि वाटेत मला एकही माणूस असा भेटला नाही की ज्याचे केस काळे होते आणि ते त्याने स्वतः काळे केलेले नव्हते.

शेवटी घड्याळे दुरुस्त करणारे आजोबा आणि शाळेतल्या निवृत्त संगीत शिक्षिका, या दोघांना विनंती केली. दोघेही माझ्यापेक्षा मोठे. घड्याळवाले म्हणाले, "कोर्टात बोलावलं तर मला उचलून न्यावं लागेल, आणि उचलणार कोण?" वकीलबाईंनी पुष्कळ समजावले की पुढेमागे हे टिकणार नाही. मग त्यांनीही पेन उघडले.

वर लिहिलेले सर्व मी वाचले, पुन्हा वाचले, समजून सही करते.

ठिकाण: स्टुडिओच्या मागची खोली, कॉलेजच्या फाटकासमोर
दिनांक: महिन्याचा शेवटचा रविवार, दुपारी, वीज नसताना

करून देणार: फोटोवाली (सही)

साक्षीदार पहिला: घड्याळे दुरुस्त करणारा, वय वर्षे त्र्याऐंशी (सही, हात कापतो, सही माझीच)

साक्षीदार दुसरी: संगीत शिक्षिका, निवृत्त, वय वर्षे एकोणऐंशी (सही)

वकिलाचा शेरा: साक्षीदार करून देणारीपेक्षा वयाने बरेच लहान असावेत, असा सल्ला मी दिला होता. रविवारी सकाळी शोध घेतला असता या गल्लीत सही देईल आणि इथेच राहील असा कोणी तरुण आढळला नाही. सबब वरील दोघांच्या सह्या घेतल्या. (सही)